चिठ्ठीवरचा भाव

प्रिय ऐशूताई,

हे पत्र लिहायचं म्हणून चार दिवसांपासून बसून राहिलोय. पहिल्या दिवशी पेन आणायला गेलो, तर देवळासमोर यात्रेकरूंची गाडी पंक्चर. चाक बदललं, त्यांनी चहा पाजला, संध्याकाळी परत आलो. पेन न घेताच. तू हसशील, मला माहीत आहे.

मी औंढ्यात आहे, दत्तोपंतांकडे. कोर्टातून रिटायर झालेले कारकून, वय बहात्तर. त्यांची बस कनेरगाव नाक्यावर बंद पडली तेव्हा मी तिथं ढाब्यावर कामाला होतो. त्यांचा अडकलेला फोन मी चालू करून दिला, तर म्हणाले, शेअरचं काही समजतं का रे? रिकाम्या वेळात व्हिडिओ बघून बघून मी तेवढंच शिकलेलो. ढाबेवाल्याला औंढ्याला चाललो एवढं सांगून पुढच्या बसनं त्यांच्यासोबत निघालो. माझी निळी बॅग ढाब्यावरच राहिली, हे औंढ्यात उतरल्यावर आठवलं.

या माणसानं तीस वर्षं शेअर घेतले आणि एकही विकला नाही. आता म्हणतात, दहा वर्षांनी भाव येईल म्हणून कोणाच्या भरवशावर बसू? आठवड्याभरात घेऊन विकायचं शिकव. बाजार तर असा, की परदेशात कोणी काही बोललं की इकडं दत्तोपंतांचा चहा गार. त्यांच्या बायकोनं, गंगूताईंनी, या खेळाला पन्नास हजार काढून दिले आणि बजावलं, पंचेचाळीसच्या खाली गेले की फोन माझ्या पानाच्या डब्यात, अन् तुमी दोघं भाजी निवडायला.

मी एकच नियम घातला. शेअर घ्यायच्या आधी चिठ्ठीवर लिहायचं, भाव कुठवर पडला की विकून मोकळं व्हायचं. चिठ्ठी गंगूताईंच्या डब्याखाली. पहिला शेअर पंपांच्या कंपनीचा, चारशे बाराला घेतला, चिठ्ठीवर चारशे. तिसऱ्या दिवशी भाव चारशेवर आला, तसे दत्तोपंत फोन घेऊन न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली. मी बाहेरून ओरडून राहिलो, विका म्हणून. आतून आवाज, अरे, कंपनी चांगली आहे, मी त्यांचा अहवाल वाचलाय! गंगूताई चिठ्ठी घेऊन दाराशी उभ्या. म्हणाल्या, अहो, अक्षर तुमचंच आहे, आता बाहेर या, मला आंघोळ करायचीय. बाहेर आले तेव्हा भाव तीनशे एक्काहत्तर, तेव्हा कुठं विकला. रात्री जेवले नाहीत.

पण गेल्या आठवड्यात चिठ्ठीवरचा भाव आला तसा त्यांनी स्वतःच शेअर विकला. तोटाच झाला, तरी जिलेबी आणली. संध्याकाळपर्यंत तो शेअर आणखी कोसळला, तेव्हा तर उरलेली जिलेबी शेजाऱ्यांना वाटली. सत्तेचाळीस हजार शिल्लक आहेत ताई, फोन अजून डब्यात गेलेला नाही.

आता खरं सांगतो. जिलेबी खाताना दत्तोपंतांनी विचारलं, घरी काहून जात नाहीस? मी सांगितलं, बाबांनी लावून दिलेली दुकानातली नोकरी चौथ्या दिवशी सोडली. तेव्हा बाबा म्हणाले, चार दिवस कुठं टिकत न्हाई, असलं पोरगं माझ्या दारात नको. त्याला नऊ महिने झाले. आधी त्यांनीच बोलवावं, असं माझं चाललंय. दत्तोपंतांनी कागद पुढं सरकवला. म्हणाले, या रुसव्यातला तोटा कुठवर जाऊ देणार? लिही. मी लिहिलं, बुधवारी दुपारी तीनपर्यंत घरी पत्र लिहिणार. ती चिठ्ठीही डब्याखाली गेली. फोन करू दिला नाही, म्हणाले, फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला विषय बदलशील. आज बुधवार. म्हणून हे पत्र. बाबांना तूच विचार ताई, मी घरी बाळापूरला येऊ का? थांब, दारात कोणीतरी आलंय. ताई, बाबा आलेत! हातात माझी निळी बॅग आहे, म्हणजे ढाब्यावर मला शोधून आले. दत्तोपंतांना विचारून राहिलेत, इथं धम्मानंद नावाचं लेकरू राहतं का? आणि दत्तोपंत म्हणाले, व्हय, चार महिने झाले, इथंच आहे. गंगूताई चिठ्ठी काढून मला घड्याळ दाखवतायत. तीनला दहा कमी आहेत. जातो.

तुझाच,
धम्मा