घड्याळ मीच मोडलं

ताई,

बाबांचं भिंतीवरचं घड्याळ तू मला फक्त तेलपाणी करायला दिलं होतंस. ते चालू होतं. त्याचं दातेरी चाक मीच पक्कडीने वाकवलं आणि मग दुरुस्तीचा व्हिडिओ काढला.

मी दुरुस्तीचे व्हिडिओ एका ॲपवर टाकतो; लोकांनी ते पाहिले की क्रिप्टो टोकन, म्हणजे पैशात बदलता येणारी डिजिटल नाणी, मिळतात. साधी साफसफाई दाखवायचो, तेव्हा कोणी ढुंकून बघेना. मग दुरुस्तीला एक चेंदामेंदा झालेलं घड्याळ आलं आणि एका दिवसात महिन्याभराचे टोकन जमले. तशी घड्याळं रोज कुठून येणार? म्हणून मी चांगली मोडायला लागलो.

तुझ्या घड्याळाचं चाक सरळ करताना मात्र त्याचे दोन दात तुटले. चाक झिजून तुटलं, असं मी फोनवर सांगितलं, तर तू म्हणालीस, "असू दे रे, जुनंच होतं ते." मी नुसतं "हो ना" म्हणालो.

आज ॲपवरचं खातंच बंद केलं, साठलेल्या टोकनसकट. नवं चाक हाताने कापतोय. दोन बिघडली, तिसरं जमवणारच.

हे पत्र पाठवणार नाही, कागदाआड लपायचं नाही मला. रविवारी घड्याळ घेऊन येतो आणि समोर बसून सगळं सांगतो. पुढे माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा
धाकटा