रिव्हर्सचा आठवडा

प्रिय मामा,

मी तुझ्यावर रागावले आहे. हे वाक्य पत्राच्या अगदी आरंभी लिहिते आहे, कारण खुशाली विचारून सुरुवात केली तर तिसऱ्या ओळीपर्यंत मी मवाळ होईन आणि माझ्या इतर सगळ्या बोलण्यासारखं हेही घशातच राहील. समोर येऊन बोलले असते तर तू डोक्यावर टपली मारून म्हणाला असतास, "झालं का बाईसाहेबांचं? जा, आईला म्हणावं चहा टाक." आणि मी खरोखरच जाऊन तो निरोप दिला असता. कागदावर मला कुणी टपली मारू शकत नाही.

काल सकाळी मी पुन्हा दवाखान्यात जाऊन आले. गोदामातल्या हमालकाकांच्या उजव्या हाताचं बँडेज आता लहान झालं आहे, आणि लहान झाल्यामुळेच आत काय उरलेलं नाही ते स्पष्ट दिसतं. अंगठा आहे, तर्जनी आहे. उरलेली तीन बोटं माझ्या ट्रकचा मागचा फाळका आणि गोदामाचा माल उतरवायचा धक्का यांच्यामध्ये सापडून गेली. मी पलंगाशी अवघडून उभी होते, तर तेच मला म्हणाले, "बस की पोरी. अशी उभी राहिलीस तर डॉक्टर तुझ्याच हातात इंजेक्शन देईल." आजूबाजूचे रुग्ण हसले. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की मुकादमापाशी त्यांनी जबाब दिला आहे: हात नको तिथं ठेवला, चूक माझी, पोरीचा दोष नाही. त्या एका जबाबानं माझं लायसन्स वाचलं आणि त्यांचं काम गेलं. स्वतःच्या हलगर्जीपणानं जखमी झालेल्या माणसाला कंपनी परत घेत नाही, हे मुकादमानं मला समजावून सांगितलं, आणि वर हसून म्हणाला, "तू सुटलीस."

मी सुटले नाही, मामा. मी त्या दिवसापासून मागे मागे जात, आपण हे लायसन्स कसं मिळवलं त्याची एकेक पायरी तपासते आहे, आणि प्रत्येक पायरीवर तू उभा आहेस.

ट्रक शिकायचं मी का ठरवलं हे तुला ठाऊक आहे. शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही, पदवीला सुवर्णपदक मिळवलं आणि त्यानंतर चार मुलाखतींत मला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता आलं नाही. पाचव्या मुलाखतीच्या दिवशी मी तुझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या कचेरीत येऊन बसले आणि खिडकीतून मैदानावरची ती जुनी शिकाऊ गाडी पाहत राहिले, जिला तुम्ही सगळे म्हातारी म्हणता. उंचावर एक सीट, काचा बंद, समोर रस्ता. 'स्वतःविषयी दोन शब्द सांगा' असं कुणी विचारणार नाही. मी म्हटलं, मला हे शिकव. तू पोट धरून हसलास. "अगं, तुझं वजन केवढं, म्हातारीच्या एका चाकाचं केवढं!" पण हसून झाल्यावर हो म्हणालास. बाबा गेल्यापासून माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तुझीच सही आहे. तू मला कधी नाही म्हणाला नाहीस. त्याच गोष्टीचा आज मला संताप येतो.

कारण तू शिकवतोस कसं, ते मी पाहिलं आहे. माझ्या तुकडीतल्या अकरा पुरुषांना तू सोलून काढलंस. सतत बाहेर डोकं काढणाऱ्या त्या उंच माणसाचं तू खिडकी असं नावच ठेवलंस. "अरे खिडकी, आरसा काय दाढी करायला बसवलाय का?" तुकडीतल्या पहिलवानाचा पाय क्लचवर जड पडला की तू ओरडायचास, "बैला, तो क्लच आहे, आखाड्यातला गडी नव्हे!" सहा आठवड्यांत त्या अकरा जणांना तुझ्याकडून जेवढ्या शिव्या मिळाल्या, तेवढे शब्द मी आयुष्यात मोठ्यानं उच्चारलेले नाहीत. संध्याकाळी ते मैदानाच्या कठड्यावर बसून तुझ्या शिव्यांची उजळणी करायचे आणि खदखदा हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची चूक सुधारलेली असायची. मी मात्र मागच्या बाकावर वही घेऊन बसलेली. मला तू एकदाही ओरडला नाहीस. माझी पाळी आली की तुझा आवाज साखरेत घोळून यायचा: "तू कशाला उन्हात? उद्या बघू." किंवा, "घे, सरळ एक फेरी मार, बास झालं." आणि त्या एका फेरीतही शिकवणाऱ्यासाठीच्या ब्रेकवर तुझा पाय आणि स्टिअरिंगवर तुझा अर्धा हात. मी वेळ मोजत होते, मला ती सवयच आहे. सहा आठवड्यांत माझ्या हाती स्टिअरिंग एकूण पन्नास मिनिटं आलं. प्रमाणपत्रावर मात्र तू तीस तास लिहिलेस. गाडी शिकवण्याऐवजी मला तू त्यांची बाई केलंस. नियम, खुणा, हवेच्या ब्रेकचा दाब, भरल्या गाडीला थांबायला लागणारं अंतर, सगळं मीच त्यांना शिकवलं. पहिलवान तर म्हणायचा, "बाई, तुम्ही ट्रक चालवू नका, नुसता वाचून दाखवा, तो आपोआप चालेल." मीही हसले होते. हसले, म्हणजे तोही अपराध माझ्या खात्यात धर.

आणि मग रिव्हर्सचा आठवडा आला. दोन पिंपांच्या मधून, चुन्याच्या रेघांच्या आत, गाडी मागे घ्यायची. तू म्हणालास, "तुझं अक्षर मोत्यासारखं. कचेरीत बस आणि सगळ्यांचे अर्ज भरून टाक." पाच दिवस मी अर्ज भरले. बाहेरून म्हातारीच्या पत्र्यावर हात आपटल्याचे आवाज येत होते: संथ लयीत ठोके, मग एक जोराचा ठोका, मग तुझी शिवी, पुन्हा संथ ठोके. मला वाटलं, ही मंडळी टिवल्याबावल्या करताहेत. तिसऱ्या दिवशी त्या गोंगाटानं माझी एक ओळ चुकली, म्हणून मी उठून खिडकी लावून घेतली.

परीक्षेच्या दिवसाबद्दल लिहिताना माझीच मला लाज वाटते. लेखी परीक्षेत वीसपैकी वीस. सरळ चालवून दाखवलं, तेव्हाही शेजारच्या सीटवर तू होतास. रिव्हर्सची वेळ आली तेव्हा परीक्षकसाहेबांना, म्हणजे तुझ्याच जुन्या विद्यार्थ्याला, तू हाक मारलीस: "साहेब, चहा निवतोय, आधी चहा घ्या." ते पाठमोरे झाले. तू मला म्हणालास, "उतर जरा." आणि तू स्वतः म्हातारीला दोन पिंपांमध्ये अशी बसवलीस, की जणू म्यानात तलवार. साहेबांनी वळून पाहिलं, गाडी पाहिली, खाली उभ्या असलेल्या मला पाहिलं, आणि कागदावर पासची खूण केली. त्या क्षणी एक शब्द पुरेसा होता. मी मूग गिळून उभी राहिले. घरी येऊन तू आईला म्हणालास, "ताई, खानदानात पहिली बाई जिच्याकडे हेवी लायसन्स आहे!" आई रडली. तिला मी आजवर खरं सांगितलेलं नाही.

आता तो दिवस. कामावरचा माझा तिसरा दिवस. पहिले दोन दिवस गाडी जुन्या चालकानं चालवली, मी शेजारी. तिसऱ्या दिवशी तो फाटकावर कागद दाखवायला उतरला, आणि मुकादम माझ्या खिडकीखाली येऊन म्हणाला, "ए बाई, गाडी चार नंबरच्या धक्क्याला लाव, मागे रांग लागलीय." मला येत नाही, हे तीन शब्द. चार मुलाखतींत जे झालं तेच झालं, तोंड उघडलंच नाही. मी त्याच्या सीटवर सरकले आणि रिव्हर्स टाकला. चाक डावीकडे वळवलं की मागची बाजू कुठे जाईल, हे मी अकरा जणांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. हमालकाका मागे उभे राहून फाळक्यावर हातानं ठोके देऊ लागले: संथ, एकामागून एक. मी येत राहिले. मग एकच ठोका आला, जोराचा, आणि त्यांनी हात तिथंच टेकवून धरला. मला वाटलं, ते म्हणताहेत, जोरात ये.

एक जोराचा ठोका म्हणजे थांब, हे कुठल्याच पुस्तकात नाही, मामा. मी सगळी पुस्तकं पुन्हा चाळली. ते फक्त मैदानावर शिकायला मिळतं, रिव्हर्सच्या आठवड्यात, शिव्या खात. खिडकीला ते येतं, पहिलवानाला येतं. कुठलाही चालक त्या ठोक्यावर ब्रेक दाबतो, म्हणून तर त्यांनी हात काढला नाही. त्यांचा लायसन्सवर विश्वास होता. मी ॲक्सिलरेटर दाबला.

तू दवाखान्यात आलास, त्यांना फळं दिलीस, आणि परवा आमच्या दारात उभा राहून मला म्हणालास, "तो माणूस स्वतःच म्हणतोय ना माझी चूक? मग त्याला खोटं पाडणारी तू कोण? तू बोललीस तर तुझं लायसन्स जाईल, माझी शाळा बंद होईल, परीक्षकही लटकेल. तुला काही करायचं नाहीये. फक्त गप्प बसायचंय. ते तर तुला छान जमतं." मामा, तू हे वाईट हेतूनं म्हणाला नाहीस, हे मी जाणते. मला तळहातावरच्या फोडासारखं जपलंस तू. परक्यांच्या मुलांना उन्हात भाजून चालक केलंस आणि आपल्या भाचीला सावलीत बसवून तिच्या हाती सोळा टनांचं वाहन दिलंस. त्या अकरा जणांपैकी एकाशीही तू इतका निर्दय वागला नाहीस.

म्हणून हे पत्र. उद्या अकरा वाजता कंपनीची चौकशी आहे. पन्नास मिनिटं, तीस तास, परीक्षकांचा चहा, तो ठोका, सगळं मी सहा पानांत लिहिलं आहे. प्रत सोबत आहे. लायसन्स त्याला टाचणीनं जोडते आहे. हमालकाकांचा जबाब खोटा आहे आणि तो त्यांनी माझ्यावरच्या दयेपोटी दिला, हेही त्यात आहे. तुझी परवानगी मागत नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको, एवढंच. यायचं असेल तर ये, पण माझ्या शेजारी बसू नकोस. शेजारी बसून माझ्या वाटचे ब्रेक तू पुष्कळ दाबलेस. मला एकाच गोष्टीची भीती आहे. मुकादम विचारणार, तुला रिव्हर्स घेता येतो का, आणि त्याला लेखी उत्तर चालणार नाही. सकाळपासून स्वयंपाकघराचं दार लावून मी तो एक शब्द मोठ्यानं म्हणून पाहते आहे. आधी कितीतरी वेळ आवाजच फुटला नाही. आत्ता आईनं बाहेरून विचारलं, "काय गं, कुणाला एवढं नाही नाही म्हणतेयस?"

तुझीच,
भाची