हिरीच्या पाड्याचं अंतर

जव्हार, १४ ऑगस्ट

प्रिय सुनी,

थकले गं. सकाळपासून डोळे चुरचुरताहेत, आणि तुला लिहायचं म्हणून तीन कागद फाडून झाले. जामसरला लावणी आटोपली असेल. इथे तुझ्या खुर्चीवर सुदर्शन सरांनी फायली रचल्यात. चहा मी एकटीच पिते.

संस्थेच्या वसतिगृहाची ती यादी आठवते ना? विचारते तरी काय मी, त्या यादीपायीच तर तू घरी बसलीस. लांबच्या मुलींना आधी जागा, असा नियम. अर्ज तू भरलेस, त्यावरून यादी लावणारं वेबपेज मी बनवलं. त्यातल्या हिरी नावाच्या मुलीच्या पाड्याला रस्ताच नाही, म्हणून अंतराच्या रकान्यात तू ‘पायी दोन तास’ लिहिलंस. आपल्याकडे सगळे तसंच सांगतात. यादीत मात्र हिरी शाळेपासून एक किलोमीटरवर राहते असं आलं, तिची जागा गेली, आणि सरांनी सगळ्यांदेखत तुला फैलावर घेतलं. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसले.

गेल्या आठवड्यात तो कोड पुन्हा उघडला. प्रत्येक मुलीचं अंतर काढून परत देणारं एक फंक्शन मी लिहिलं होतं. अंतर ठेवायचं व्हेरिएबल फंक्शनच्या आत हवं होतं, म्हणजे दर मुलीला ते कोरं मिळालं असतं. मी आळसाने बाहेर ठेवलं. रकान्यात आकडा नसला की फंक्शन त्याला हातच लावायचं नाही, आधीच्या मुलीचं अंतर तसंच परत द्यायचं. हिरीच्या आधी जव्हारचीच फागी होती. तिचा एक किलोमीटर हिरीच्या नावावर चढला. मेलं एका ओळीचं काम!

आणि सुनी, ‘गेल्या आठवड्यात’ हे खोटंच. सर तुला बोलले, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. घाबरले. माझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, आणि तुझी गेली तरी गप्पच राहिले. दोन महिने झाले, धड जेवण जात नाही.

आज सरांना लेखी दिलं, की चूक माझी, सुनीताने खरं तेच लिहिलं होतं. हिरीला जागा देतो म्हणाले. माझं काय ते सोमवारी ठरेल. त्या कागदाची प्रत सोबत जोडलीय. तुझ्या आईला आधी वाचून दाखव, मग ज्यांनी ज्यांनी तुला नावं ठेवली त्यांना. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
जयश्री