देठवाल्यांची कप्तान

प्रिय ओदालिस,

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे तुझ्या सुनेने कळवलं. म्हणाली, हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सा तुझ्या खाटेभोवतीच असायच्या. मी म्हटलं, असणारच. तू आजारी पडलीस तरी तिथे जत्रा भरते.

इथे टॅम्पात जानेवारी चालू आहे, म्हणजे काय ते तुला सांगायला नको. चाच्यांच्या सोंगांची मिरवणूक बघायला बेशोर रस्त्याला मचाणं लागली आहेत. कोपऱ्यावरच्या बेकरीत पावाच्या शेजारी कवटीच्या आकाराची बिस्किटं मांडलीत. समोरचे दंतवैद्य काल अंगणात तलवार फिरवत होते आणि त्यांची बायको आतून ओरडत होती, "आधी तो कचरा बाहेर ठेवा, मग गाव लुटा." तुझी आठवण आली. आठवण आली म्हणजे बरंच काय काय आलं.

आपण दोघी शाळकरी असताना माझी आई आपल्याला मिरवणुकीला न्यायची, आठवतं? दिवसभर सिगारच्या कारखान्यात तंबाखूच्या पानांचे देठ काढून तिची बोटं तपकिरी झालेली असायची. गलबत धक्क्याला लागलं, चाचे उतरले आणि महापौरांकडे शहराची किल्ली मागायला लागले की ती म्हणायची, "बघून घ्या गं. हे सगळे वकील आणि बँकवाले. वर्षभर साहेब असतात, आज एक दिवस खरे दिसतात." तेव्हा चाचे पिस्तुलातून नुसत्या आवाजाचे बार काढायचे आणि रिकाम्या पुंगळ्यांसाठी पोरं रस्त्यावर लोळण घ्यायची. मीही घेतली, गुडघे फोडून घेतले. तू जागची हलली नाहीस. तरी एक दाढीवाला चाचा वाट वाकडी करून आला आणि गरम पुंगळी तुझ्या तळहातावर ठेवून गेला. मला त्याने डोळा मारला, इतकंच. मी तुझी पाठ थोपटली, पण आईने आणलेलं खेकड्याचं तळलेलं क्रोकेत तसंच कागदात गुंडाळून ठेवलं.

पुढे शाळेत बाईंनी सांगितलं, ज्याच्या नावाने ही मिरवणूक निघते तो गास्पार नावाचा चाचा कधी झालाच नाही. स्पेनच्या आरमाराच्या दप्तरात त्याचं नाव नाही. एका रेल्वे कंपनीने हॉटेलात गिऱ्हाईक यावं म्हणून छापलेल्या पुस्तिकेतून ही कथा पसरली, आणि गावातल्या शेटजींनी भाड्याचे पोशाख चढवून घोड्यांवरून पहिली मिरवणूक काढली. गलबत नंतर आलं. तू वर्गात उठून म्हणालीस, "म्हणजे बाई, जो ऐटीत चालेल तो चाचा?" सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा. तीच शंका मी आदल्या दिवशी विचारली होती, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "एलोइसा, खाली बस."

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी मिरवणूकच झाली नाही. मिरवणूक काढणाऱ्या चाच्यांच्या जुन्या टोळीत सगळे गोरे पुरुष, इतरांना घ्या म्हणून गावात वाद पेटला, आणि टोळीने गलबत बाहेरच काढलं नाही. त्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसली होतीस. मी भांडी घासता घासता म्हटलं, आपण बायकांची टोळी काढू. आईसारख्यांच्या नावाने काढू, देठवाल्या म्हणू. तू किती हसलीस. म्हणालीस, "अगं, आपल्या गल्लीतल्या बायका एकत्र पार्किंग शोधू शकत नाहीत, गाव काय लुटणार?"

पुढचं वर्षभर मी पालिकेत खेटे घातले. घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. कोणाचा नवरा आडवा आला, कोणाची सासू. पोशाख मी बेतले, मीच शिवले. तू आलीस ती शेवटच्या महिन्यात, सगळं तयार झाल्यावर. आणि पहिल्याच मिरवणुकीत टीव्हीवाल्याने माइक पुढे केला, तेव्हा चित्ररथाच्या टोकाला तू उभी होतीस. मी खाली जनरेटर बंद पडू नये म्हणून वाकले होते. तिथून मला स्पष्ट ऐकू आलं. तू म्हणालीस, "एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसले होते आणि सहज सुचलं."

तुझ्या स्वयंपाकघरात. तुला तेव्हा अंडं उकडता येत नव्हतं, ओदालिस.

मी जनरेटर चालू ठेवला. राबायचं एकीने आणि मिरवायचं दुसरीने, असं चालतंच, असं मनाला सांगितलं. तू कप्तान झालीस आणि खरं सांगते, चांगली झालीस. तू बोललीस की लोक हसतात. मी बोलले की घड्याळ बघतात. तुझे गुडघे गेल्यावर टोळीने मला टोकाला उभं केलं, तेव्हा वाटलं, आता तरी माझी पाळी. बेशोरला वळताच कठड्यावरून एक म्हातारा ओरडला, "ती लाल केसांची कुठे गेली?" मी हसून हात हलवला. घरी येऊन टोपी फेकली ती कपाटामागे पडली, अजून काढलेली नाही. पुढे टोळीने एका तरुण पोरीला कप्तान केलं.

आता हे पत्र का, ते सांगते. टोळीने नवा चित्ररथ बांधलाय आणि त्याच्या बाजूवर संस्थापिकेचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवायचं ठरलंय. तुझं एकटीचं. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. रंगारी गुरुवारी येणार आहे आणि तुझ्या नावाचं स्पेलिंग त्याने मलाच विचारलंय, कारण शेवटून दुसरं अक्षर आय की वाय हे इथे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. मी बरोबरच सांगेन, घाबरू नकोस. पण नव्या कप्तान पोरीला गुरुवारच्या आत एक फोन कर आणि टोळी कोणाला सुचली ते तुझ्या तोंडाने सांग. मी सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारी जळते. आणि मी जळतेच गं, म्हणून तर मला सांगता येत नाही.

गुडघ्याला जप.

इतकं होऊनही तुझीच,
एलोइसा