पुलाच्या उतारावरचा कट

आप्पा, काल दुपारी दादाचा फोन आला. नवीन घराची वास्तुशांत येत्या गुरुवारी आहे. हॉलमध्ये आईचा फोटो लावून झालाय, शेजारची जागा मोकळी ठेवलीय, आणि तिथे तुमचा फोटो लावायचा की नाही हे मी सांगायचं, असं तो म्हणाला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दादाने तुमचा फोटो घरात लावलेला नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. दहाव्याला एक ठेवला होता, तो विधी उरकल्यावर त्याने कपाटावर उलटा टाकला. पाहुण्यांनी विचारलं तर वहिनी सांगते, काच फुटलीय. दादाला वाटतं, आई तुमच्यामुळे गेली. आता घर नवीन आहे, लोक येणार, म्हणून त्याच्या मनात थोडी चलबिचल आहे. मी म्हणाले, बुधवारपर्यंत सांगते. फोन ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

मी दौंडला असते, कुरकुंभच्या एका कंपनीत ड्रॉइंग काढायला. दिवसभर टाक्या आणि पाइप काढते, आणि संध्याकाळी घरी येऊन रस्ते काढते. हसू नका. कॉम्प्युटरवर शहर वसवायचा एक खेळ असतो. रस्ते, पाणी, वीज, शाळा, सगळं आपण द्यायचं, मग लोक राहायला येतात. मी लोकांच्या नादी लागत नाही. मी फक्त इंटरचेंज करते, म्हणजे दोन मोठे हमरस्ते एकमेकांना मिळतात तिथली गुंतवळ. एक रस्ता वर, एक खाली, आणि चहूबाजूंनी वळत उतरणारे फाटे. सिग्नल नाही, थांबणं नाही. नगरहून आलेल्याला सोलापूरकडे वळायचं असेल तरी त्याने कोणाच्या समोर यायचं नाही, हा पहिला नियम. येणारा आणि जाणारा एकाच लेनमध्ये शिरायला लागले की सगळं तुंबतं, म्हणून मी तो फाटा दहादा मोडते आणि पुन्हा वळवते. केलेलं मी इंटरनेटवर ठेवते आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक ते आपापल्या शहरात उतरवून घेतात. माझ्या कामाची ओळख म्हणजे चारी बाजू सारख्या असतात, जराही इकडेतिकडे नाही. एकाने लिहिलं होतं की तुमचं काम बघून शांत वाटतं. त्या खेळात अडकलेली गाडी थोडा वेळ वाट बघते आणि मग नाहीशी होते. मरत नाही, रक्त नाही, पंचनामा नाही. मला तो खेळ आवडतो तो त्यामुळेच.

तुम्हाला तो आवडला नसता. तुम्हाला थांबवण्यात रस होता. आपल्या गावावरून चौपदरी गेला आणि मधोमध कमरेएवढा दुभाजक उभा राहिला तेव्हा घर एका अंगाला आणि रान दुसऱ्या अंगाला झालं. पलीकडे जायचं तर दोन किलोमीटर पुढे जाऊन वळून यायचं, बैलगाडीने काय आणि डोक्यावर भारा घेऊन काय. दुभाजकात ओलांडायला कट ठेवा, ही तुमची मागणी खोटी नव्हती, हे मी कबूल करते. पण ती मागताना तुम्हाला जी मजा येत होती तीही मी पाहिली आहे. ट्रॅक्टर आडवे लावले, कोरेगाव भीमापर्यंत गाड्यांची रांग लागली, आणि तुम्ही टमटमवर बांधलेल्या कर्ण्यातून बोलत होतात. पांढरी टोपी, नवा सदरा. आई घासाचा भारा उतरवून दुसऱ्या बायांबरोबर रस्त्यात बसली होती, तिला तुम्ही नुसतं बसायला सांगितलं होतं, कशासाठी ते नाही. घरी तुम्ही आम्हाला कशावरूनही मारत होतात. पेंड जास्त भिजवली म्हणून, कडी लावली नाही म्हणून. मी दहा वर्षांची असताना कंपासने तुमच्या सात-बाऱ्याच्या मागे गोल काढला म्हणून तुम्ही माझ्या कानाखाली अशी वाजवली होती की आठवडाभर तो कान गात होता. बाहेर मात्र तुम्ही सगळ्या गावाचे आप्पा.

तुम्हाला हवं ते मिळालं. दुभाजक फोडून पंधरा फूट मोकळे केले, दोन्ही बाजूंना पट्टे मारले, नारळ फुटला. त्याला सगळं गाव आप्पांचा कट म्हणू लागलं आणि ते ऐकून तुम्ही मिशीत हसायचात. दोन वर्षांनी, उसाची लागण चालू असताना, दुपारी चारच्या सुमाराला आई त्याच कटमध्ये उभी होती. डोक्यावर भारा असला की मान वळत नाही, सगळं अंग वळवून बघावं लागतं. ती गावाकडच्या बाजूला बघत होती. ओढ्यावरच्या पुलाच्या उतारावरून कंटेनर आला. ड्रायव्हर परप्रांतातला होता, रस्त्यात बसून रडत होता, ‘अचानक सामने आ गई’ एवढंच म्हणत होता. आणि ते खरं होतं. उतार संपतो न संपतो तोच कट आहे, त्याला दिसणार कसं? तीनशे पावलं पुढे, डेअरीपाशी, रस्ता सरळ आहे. तिथे उभा राहिलेला माणूस दोन्हीकडून फर्लांगभर दिसतो. तिथे कट असता तर आई आज पंच्याहत्तरीला टेकली असती आणि मला फोनवर गुडघ्याचं रडगाणं ऐकवत असती.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. गावाचं नाव करून आप्पांनी स्वतःच्या घरासमोर कट घेतला, असं बोललं गेलं, आधी पारावर आणि मग तुमच्या तोंडावर. पुढच्या निवडणुकीत तुमचं पॅनेल पडलं ते त्यावरच. दादा तेव्हा आयटीआयला होता, हॉस्टेलवर. तो आला, सावडायला गेला, आणि राख भरता भरता त्याने मला विचारलं, कट डेअरीपाशी ठरला होता ना, मग इथे कसा आला? मी म्हणाले, आप्पांना विचार. त्याने विचारलं नाही. त्या दिवसापासून तो तुमच्याशी कामापुरतंच बोलला, आणि मी तर तेवढंही बोलले नाही. तुम्ही जेवायला बसलात की मी ताट सरकवून परसात जायचे. तुम्ही एकदा विचारलंत, भाजी कुणी केली, बरी झाली. मी म्हणाले, ज्या बाईच्या हातची बरी व्हायची ती गेली. तुमचा घास हातातच राहिला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. अगदी खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मागच्या वर्षी मी आपलं गाव खेळात केलं. उपग्रहाचा नकाशा खाली ठेवून, ओढा, पूल, उतार, सगळं मापात. मग त्यावर इंटरचेंज बसवायला घेतला. चार पाकळ्यांचा, माझा सगळ्यात देखणा. त्यात पहिली अडचण आपलं घर होतं. खेळात घर पाडायला एक बटण असतं, ते धरून घरावर नेलं की धुरळा उडतो आणि जमीन सपाट होते. मी ते पाडलं. मग पुन्हा बांधलं आणि पुन्हा पाडलं. किती वेळा ते सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. घरात तुम्ही आहात असं समजून पाडायचे. मग पाकळ्या पसरल्या आणि त्यांनी पलीकडचं रान खाल्लं, उसाचं, घासाचं, विहिरीसकट. पूर्ण झाला तेव्हा गाड्या सुळसुळ फिरत होत्या, कोणी कोणाच्या समोर येत नव्हतं, आणि आईला रस्ता ओलांडून जायला पलीकडे काही उरलंच नव्हतं. मी तो इंटरनेटवर ठेवला नाही.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी शिरूरच्या दवाखान्यात होते. दादा डबा खाली वॉचमनकडे देऊन जायचा. तुमच्या नाकात नळी होती आणि हाताला सूज. मी उशाशी बसून मोसंबी सोलत होते, आणि तुम्ही मला हळूच म्हणालात, तुझी आई सपनात येती. मी त्या क्षणाची वाट बघत होते असं नाही, पण शब्द तयार होते. मी म्हणाले, “तुम्ही मागितलेल्या कटात गेली ती. आता कशाला येईल तुमच्याकडे?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. चिडला नाहीत. तुमचा हात उठण्यासारखा राहिला नव्हता म्हणून नाही, तुम्ही चिडलाच नाहीत. म्हणालात, “व्हय. माझ्यामुळंच गेली ती.” मी मोसंबीची फोड तुमच्या तोंडात दिली. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मला चित्रकलेच्या एलिमेंटरीत ए ग्रेड होती, त्याची तुम्ही गावभर शेखी मिरवली होतीत. रास्ता रोको मिटल्यावर रस्त्याच्या खात्यातल्या साहेबांनी सांगितलं, अर्जाला नकाशा जोडा, कट नेमका कुठे पाहिजे ते दाखवा. तुम्ही मला नवा कागद आणि रंगपेटी आणून दिलीत, पेटीत बारा रंग होते, आणि म्हणालात, “डेरीपाशी दाखव बरं का, सरळ हाय तिथं.” तुम्ही मला आणून दिलेली ती पहिली आणि शेवटची वस्तू. मी आधी पूल काढला. कमानी, कठडा, खालचं पाणी, छाया, पुलातच रमले. पुलाने कागदाची डावी बाजू खाल्ली आणि डेअरी उजव्या कडेला जाऊन टेकली. तिथे कट दाखवला तर वळणाऱ्या गाडीचे बाण काढायला एका बाजूला जागाच नव्हती. चित्र लंगडं दिसत होतं. म्हणून मी कट मधोमध काढला, आपल्या घरासमोर. दोन्ही बाजूंना सारखे बाण, लाल आणि निळे. फार सुंदर दिसत होतं, आप्पा. तुम्ही चष्मा न लावता सही केलीत.

साहेब जीप घेऊन आले तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांनी बॉनेटवर नकाशा पसरला, चित्राचं कौतुक केलं आणि विचारलं, उतार फारच जवळ नाही का होत, नक्की इथेच ना? तुम्ही वाकून बघितलंत. तेव्हा तुम्हाला कळलं, तुमच्या मानेवरून मला दिसलं. तुम्ही डेअरीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मी कान झाकायला हात वर नेला होता. आणि पेंड जास्त भिजली तरी मारणारे तुम्ही म्हणालात, “माझ्या लेकीनं काढलाय, सायब. ती चुकायची न्हाई. मारा फक्की.” दोन माणसांनी आपल्या घरासमोर पांढरी रेघ ओढली. त्या दिवशी का नाही मारलंत? आयुष्यभर नको तिथे हात उचललात आणि नेमका तिथे खिशात घातलात. चार माणसांत लेक खोटी पडेल म्हणून? की ती खोटी पडली तर तुमची शेखीही पडेल म्हणून? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितलाय आणि मला दोन्हींचा राग येतो.

तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत. पारावर तोंडावर बोलणाऱ्यांना नाही, दादाला नाही, त्या खाटेवर मला स्वतःलाही नाही. तुम्ही एका वाक्यात मला खाली पाडू शकत होतात. त्याऐवजी व्हय म्हणालात, आणि मी ते व्हय उचलून दादाला नेऊन दिलं. आप्पांनी स्वतः कबूल केलं, असं सांगितलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी.

हा कागद दादाला वाचायला दिला तर तो गुरुवारी तुमचा फोटो लावेल. आणि माझ्याशी बोलणं टाकेल, ते एक वेळ सोसेन मी, पण तो आधी बघेल माझ्याकडे. त्या एका बघण्याला मी भिते. आज सकाळी मी त्याला फोन केला. म्हणाले, आईच्या शेजारी नको, तिला आवडणार नाही. तो बरं म्हणाला. वर म्हणाला, मला वाटलंच होतं, तुझ्याएवढं आईचं कोणाला नव्हतं. मी ते ऐकून घेतलं. एकदा तुम्ही मला झाकलंत, आप्पा. अजून थोडी वर्षं झाका.