विमानाची पूजा

दसरा, संध्याकाळ. फरीदाबाद.

फॅक्टरी चालली, गाडी आली, फ्लॅट झाला, तरी ह्यांचं समाधान नाही. मित्राबरोबर जुनं, दोन सीटचं विमान घेतलं. आज गाडीसारखीच मी त्याचीही पूजा केली. पंखाखाली एक बारीक नळी होती, तिच्यात झेंडूचं फूल खोचलं. मला काय माहीत ती वेग मोजायची नळी! निघताना ह्यांनी फूल काढलं, पण देठ आतच राहिला.

धावपट्टीवर सुटले आणि मध्येच थांबले. परत येऊन म्हणाले, "अगं, तुझ्या फुलापायी वेगाचा काटाच हलेना!" आणि हसले. हसले! एवढीशी नळी. वर गेल्यावर कळलं असतं तर? देवाचं म्हणून केलं, आणि माझ्याच हातानं...

नळी साफ करून घेतली. मी म्हटलं, "चला आता घरी."

"जाऊ की. आधी एक चक्कर मारून येतो."

मेलं ते विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत मी बघत उभी. उतरले तेव्हा चेहरा असा उजळला होता, आमच्या लग्नातही नव्हता तसा. तो बघून कळलं, हा माणूस आता माझं ऐकून थांबायचा नाही.