सांबऱ्याच्या कोंबड्या

९ जानेवारी १९३८

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांचं उत्तर आलं. दोन ओळी! 'तुमच्या फिल्टरला तडा असावा. गुरांच्या डॉक्टरने गुरांकडे लक्ष द्यावे.'

तडा नाही. कोंबडीच्या छातीतली कॅन्सरची गाठ खलात वाटली, तिचा रस चिनीमातीच्या नळीतून गाळला. आधी त्याच नळीतून जंतूंचं पाणी गाळून पाहिलं होतं — एक जंतू पार झाला नाही. मग त्याहून मोठी कॅन्सरची पेशी कशी होईल? तरी तो गाळीव रस टोचलेल्या कोंबड्यांना गाठी आल्याच. म्हणजे रसात जंतूहून बारीक काहीतरी आहे, मायक्रोस्कोपलाही न दिसणारं, आणि कॅन्सर करणारं तेच. अमेरिकेत हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दाखवून झालंय. तिथला फिल्टर शाबूत, बेळगावचा तेवढा फुटका!

२२ जानेवारी

खासबागेच्या बाजारातून आणलेल्या कोंबड्यांना टोचून पाहिलं. काही नाही, ठणठणीत. ही गाठ धरते ती फक्त सांबऱ्याच्या सोनाबाईच्या कोंबड्यांत. पहिली गाठवाली कोंबडी तिच्याच खुराड्यातली होती. इथेही रक्ताचं नातं लागतं.

आप्पा मागावर बसल्या बसल्या म्हणाले, "डाक्टर केला, आन् ह्यो बसलाय कोंबड्या चाचपत." शहापुरातली अख्खी गल्ली हसली असेल.

६ फेब्रुवारी

सांबऱ्याला जाऊन आलो. सोनाबाईला मी आक्का म्हणतो. तिनं विचारलं, माझ्या कोंबड्यांचं तू करतोस तरी काय? गाठ आणतो, म्हटलं. हसली नाही.

"लोक गाठ घालवत्यात, बाबा. तू आणतोस. मग घालवतोस कशी?"

घालवता येत नाही, म्हटलं. विलायतेतसुद्धा येत नाही. कापली तरी बहुतेक परत येते. आक्का उठली, खुराड्यापाशी जाऊन एकेक कोंबडी मोजू लागली. मला उशीर होत होता, निघालो.

५ मार्च

साहेब येणार! एप्रिलअखेर, स्वतःचा फिल्टर घेऊन. त्यांच्यासमोर गाळायचं, त्यांच्यासमोर टोचायचं, महिन्या-दोन महिन्यांनी गाठ दिसली की ते मानणार. माझ्याकडे गाठवाली एकच कोंबडी उरलीय. टोचायला चांगल्या कोंबड्या हव्यात, त्या वाणाच्या, म्हणजे आक्काच्याच. एकही विकू नको, कापू नको, म्हणून सांगून आलो. "बघू की," म्हणाली. मी तो होकारच धरला.

११ मार्च

झोप नाही. आनंदानं!

१२ एप्रिल

सांबऱ्यात लक्ष्मीची जत्रा, कित्येक वर्षांनी आलेली. आक्काचा मुलगा परशराम घरी येऊन आमंत्रण देऊन गेला होता. बायको मालू आणि मी, दोघं गेलो. रस्सा झणझणीत. मी दोनदा मागून घेतला. हात धुवायला परसात गेलो तर खुराडं रिकामं. चुलीच्या राखेत पिसं, त्याच करड्या ठिपक्यांची.

"देवीला बोललेल्या हुत्या त्या, बाबा," आक्का म्हणाली. "तुला दुसऱ्या आणून देते की."

दुसऱ्या! साहेबांना अकरा पानं लिहून समजावलं, की याच कोंबड्या लागतात. तिला मात्र ते कधी सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं वाटलं. आता ओरडू तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. परतताना वाटभर बडबडत राहिलो — देवी, नवस, अडाणी लोक, माझी सहा वर्षं मातीत. मालूनं सगळं ऐकून घेतलं.

"नवस कशाचा हुता, ते इचारलासा का?"

मला काय करायचंय, म्हटलं.

१९ एप्रिल

गाठवाली कोंबडी मेली. संपलं.

२८ एप्रिल

साहेब आले. रिकामे पिंजरे पाहिले. जत्रेचं सांगितलं तर रुमाल तोंडाला लावून हसले. "म्हणजे पुरावा तुम्ही जेवलात?" चहा घेऊन लगेच परत गेले. खोटं काय बोलले? जेवलोच. वर दोनदा रस्सा मागून. त्यांनी आणलेला फिल्टर पेटीतून बाहेरसुद्धा निघाला नाही.

६ मे

परशराम आज आईला बैलगाडीतून घरी घेऊन आला. माणसांच्या दवाखान्यात जायला ती तयारच नव्हती. गाठीचा डाक्टर मीच, म्हणे. मालूनं तिला आत नेऊन बसवलं, पदर बाजूला केला. डाव्या छातीत गाठ, अंड्याएवढी, दगडासारखी, काखेपर्यंत पोचलेली. बोटांना लगेच कळलं. सहा वर्षं दुसरं काय चाचपलं मी?

"जत्रा झाल्यापास्नं कमी झालीया न्हवं रं?"

व्हय, म्हणालो.